अर्थ लागणे

गेल्या पावसाळ्याचे तीन महिने आमच्या टेबलाच्या उजव्या खणात, तपासायच्या राहिलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात एक इंजिन पडून होते. लांबीला तळहाताएवढे, रंगाने काळे, सहा चाकांचे. ते उघडून त्यात नखाएवढी एक इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवायची की नाही, आणि बसवायची तर स्वतःच्या हाताने की एखाद्या जाणत्याच्या, एवढाच प्रश्न होता. असल्या प्रश्नासाठी साहित्याच्या अभ्यासकांचा वेळ घ्यावा का, हा संकोच आम्हांलाही वाटला. परंतु वर्गात आम्ही जे वर्षानुवर्षे शिकवीत आलो त्यातले काही या तीन महिन्यांत नव्याने कळले, आणि ज्या एका शब्दावर आमची उपजीविका चालते त्याचा दुसरा उपयोग ऐंशी ओलांडलेल्या वडिलांकडून शिकावा लागला. म्हणून हा प्रपंच.

इंजिन ‘ट्रायँग’ या ब्रिटिश कंपनीचे. ज्या खऱ्या इंजिनांची ती प्रतिकृती, ती इंजिने इंग्लंडात ‘जिंटी’ या टोपणनावाने ओळखली जात. १९२४ पासून बांधली गेलेली ही टाकीवाली इंजिने मुख्यतः यार्डात डबे इकडून तिकडे लोटण्याच्या कामी येत. मेलगाडीचा रुबाब त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. शंटिंग हेच त्यांचे आयुष्य. आमच्या आत्याचे यजमान १९७३ साली मँचेस्टरहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी हे इंजिन, दोन वाघिणी आणि एक लंबगोल मांडता येईल इतके रूळ आणले. वीज पुरवणारा कंट्रोलर तेवढा आणायचा राहिला. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मध्य रेल्वेच्या माटुंग्याच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिक फिटर होते. त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक ऱ्हिओस्टॅट आणि दोन्ही बाजूंना पडणारा एक खटका आणला आणि सागवानी फळ्यांची पेटी करून तीत सगळे बसवले. मूठ फिरवली की इंजिन वेग घेई, खटका उलटा टाकला की मागे येई. त्या पेटीचा वास, म्हणजे तापलेले वार्निश आणि किंचित ओझोन, हा आमच्या बालपणाचा वास आहे.

१९८१ साली आम्ही ते इंजिन जाळले. त्यात किती ताकद आहे हे पाहण्यासाठी मूठ शेवटपर्यंत फिरवून आम्ही त्याची चाके बोटांनी धरून ठेवली, धूर येईपर्यंत. अण्णा रागावले नाहीत. एका रविवारी त्यांनी मोटार सोडवली, आर्मेचरवरची जळलेली तार उलगडली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून एनॅमल चढवलेली तांब्याची नवी तार तिन्ही दातांवर वेढा वेढा करीत गुंडाळली. ते मोजत होते आणि आम्ही एका चिठ्ठीवर रेघा ओढत होतो, चार उभ्या आणि पाचवी आडवी. संध्याकाळी इंजिन चालले. तेव्हापासून त्याची मोटार ही ट्रायँगची राहिली नाही असे म्हणता येईल. पण हा विचार आम्हांला पुढे कित्येक वर्षे सुचला नव्हता, आणि सुचला तेव्हाही आमच्या बुद्धीने नव्हे.

आई गेल्यानंतर अण्णा आमच्याकडे पुण्यास राहावयास आले. त्यांना विरंगुळा म्हणून आम्ही एकदा कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय दाखवावयास नेले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला जी. ए. कुलकर्णी यांचे नाव आहे, हे आम्ही त्यांना उत्साहाने सांगितले. अण्णांनी मान डोलावली आणि आत जाऊन सारा वेळ गाड्या पाहण्यात घालवला. बाहेर आल्यावर म्हणाले, “वायरिंग चोख आहे.” जी.एं.च्या रस्त्यावर उभे राहून आम्ही त्या अभिप्रायाला अनुमोदन दिले.

पुढे आमची मुलगी जर्मनीतील आपले काम संपवून परतली. येताना तिने आजोबांसाठी दोन इंजिनांचा एक डिजिटल संच आणला. दिवाणखान्यात रूळ मांडले गेले. एकाच रुळावर दोन इंजिने. एक थांबलेले, दुसरे त्याच्याकडे सावकाश येणारे. अण्णा खुर्ची पुढे ओढून, मान थोडी तिरकी करून पाहत होते. त्यांना काचबिंदू आहे. समोरचे दिसते, कडेचे वर्षागणिक कमी होत चालले आहे, आणि गेलेले परत येत नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “माझं इंजिन चालेल का रे ह्यावर?” आम्ही सांगितले, नाही, जळेल. ते “बरं” म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. तो त्यांनी पुन्हा काढला असता तर आम्हांला इतके जड गेले नसते.

ते का जळेल, हे येथे सांगितले पाहिजे. जुन्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब हीच आज्ञा असते. दाब वाढला की वेग वाढतो, धन-ऋण उलटले की दिशा उलटते. त्यामुळे एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम निघतात आणि एकदम थांबतात. आज्ञा कोणाला आहे हे सांगण्याची सोयच त्या भाषेत नाही. तिच्यात क्रियापद आहे, संबोधन नाही. डिजिटल पद्धतीत रुळांत सदैव पूर्ण दाब खेळता असतो, साधारण चौदा-पंधरा व्होल्टचा, आणि त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटत असते. किती वेळाने पालटते, यात संदेश असतो. अठ्ठावन्न मायक्रोसेकंदांनी पालटली तर तो ‘एक’, शंभर किंवा त्याहून अधिक मायक्रोसेकंदांनी पालटली तर ‘शून्य’. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. ऱ्हस्व आणि दीर्घ, लघु आणि गुरू यांच्या कालभेदावर सारे वृत्त उभे करणाऱ्या छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात परके असे काय वाटावे? प्रत्येक संदेशाच्या आरंभी किमान चौदा लघू ओळीने येतात, म्हणजे ऐकणारा सावध होतो. मग पत्ता, मग आज्ञा, शेवटी ताळा. इंजिनात बसवलेला डिकोडर रुळांतून जाणारा प्रत्येक संदेश ऐकतो, आपला पत्ता नसेल तर सोडून देतो, असेल तर मोटारीला तेवढीच वीज सोडतो. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीचा आधार घेऊन अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात या भाषेचे प्रमाणीकरण केले. म्हणून आज एका कंपनीचे इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळावर आज्ञा पाळते. डिकोडर नसलेले इंजिन त्या रुळावर ठेवले तर त्याला सारे संदेश एकदमच आणि नुसत्या विजेच्या रूपाने मिळतात. ते जागच्या जागी गुणगुणते, तापते आणि अखेर जळते.

तेव्हा मार्ग तीन होते. पहिला, इंजिन जसे आहे तसे डब्यात ठेवणे. हा मार्ग आम्हांला सुसंस्कृत वाटला. जुन्या वस्तूला हात लावू नये, ही आमच्या पिढीच्या प्राध्यापकांची श्रद्धाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद परंपरेने त्यांच्या नावे सांगितली, हे आम्ही दरवर्षी पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला सांगतो. क्षेपक म्हणजे काय, ते कसे ओळखावे, मूळ पाठाला कसे जपावे. त्या न्यायाने आमच्या जिंटीत घातलेला डिकोडर हा उघड क्षेपक होता. आम्ही हा युक्तिवाद घरात दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा सर्वांना पटला. तरी टेबलाचा खण उघडताना तो डबा दिसला की आम्ही नजर दुसरीकडे वळवत असू.

दुसरा मार्ग, जाणत्याकडे देणे. दुसऱ्या शहरातील एका कारागिराशी फोनवर बोलणे झाले. मनुष्य सज्जन आणि आपल्या कामात निष्णात. त्याने विचारले, मोटार कोणती, चाके अडकवून धरली असता ती किती अँपिअर घेते, चुंबक मूळचेच आहे का. यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. तो हसला नाही. म्हणाला, या जुन्या मोटारींची चुंबके वयाबरोबर क्षीण होतात, मग त्या जास्त वीज ओढतात आणि डिकोडर मारतात. त्यापेक्षा मोटारच काढून टाकू, लहानशी नवी बसवू. आवाज नाही, तक्रार नाही, अर्ध्या दिवसाचे काम. त्याचे म्हणणे सर्वथा रास्त होते. शेवटी त्याने सौजन्याने विचारले, “जुनी मोटार परत हवी आहे का?” आम्ही “कळवतो” म्हणून फोन ठेवला आणि कळवले नाही.

राहिला तिसरा. येथे आमच्या मनाची झडती घेणे भाग आहे. ‘स्वतःच करू’ या निर्णयात कर्तव्यबुद्धी किती आणि अहंता किती? अण्णांनी आयुष्यभर हाताने काम केले आणि आम्ही तोंडाने. आम्ही एम.ए. झालो तेव्हा त्यांना अभिमान वाटला, पण घरातला फ्यूज मात्र त्यांनी आम्हांला कधी बदलू दिला नाही. एकदा तरी त्यांनी आमच्या हातच्या कामाकडे पाहून ‘चोख आहे’ म्हणावे, ही इच्छा त्या निर्णयाच्या तळाशी होती. ती नव्हती असे लिहिले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

एवढे मात्र शहाणपण सुचले की पहिला प्रयोग अण्णांच्या इंजिनावर करू नये. मँचेस्टरच्या आतेभावाने तिथल्या जुन्या बाजारातून त्याच जातीच्या इंजिनाचा एक मोडका सांगाडा मिळवून पाठवला. आम्ही सोल्डरिंग शिकलो. अण्णा त्याला अजून ‘डाग देणे’ म्हणतात. तार आणि पत्रा दोन्ही पुरेसे तापल्याशिवाय कथील धरत नाही. नुसते वर बसते, चकाकते, आणि आठवड्याने सुटते. परीक्षार्थींच्या काही उत्तरांविषयी आम्हांला हेच म्हणायचे असे, फक्त शब्द मिळत नव्हता.

सांगाड्याची रचना अशी होती. एका बाजूची चाके सांगाड्यापासून वीजरोधकाने वेगळी. दुसऱ्या बाजूची थेट सांगाड्याला भिडलेली, त्यामुळे त्या बाजूच्या रुळातली वीज साऱ्या धातूत पसरते. मोटारीच्या दोन कार्बन ब्रशांना दाबून धरणारी एक स्प्रिंग, तिला दोन बाहू. एका बाहूवर वीजरोधक नळी चढवलेली. दुसरा उघडा, म्हणून तो ब्रश सांगाड्याशी जोडलेला. जुन्या पद्धतीत यात काहीच वावगे नाही. उलट एक तार वाचते. डिजिटलमध्ये मात्र मोटार ही रूळ आणि सांगाडा यांच्यापासून पूर्णपणे वेगळी हवी, कारण आता तिला वीज देण्याचा अधिकार एकट्या डिकोडरचा. तेवढ्यासाठी उघड्या बाहूवर दुसरी नळी चढवायची. रुळांकडून डिकोडरकडे लाल आणि काळी तार, डिकोडरकडून दोन ब्रशांकडे नारिंगी आणि करडी. आम्ही सर्व केले. रात्री अकरा वाजता सांगाडा रुळावर ठेवला आणि वीज सोडली. एक बारीक ‘टिक्’ झाले आणि डिकोडरमधून धुराचा एक धागा निघाला. अडीच-तीन हजार रुपये आणि पाच आठवडे.

शेजारच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. त्यांना अंधारात आमचे काही दिसत नव्हते. वास पोहोचला होता.

“अर्थ लागला वाटतं.”

आम्ही क्षणभर थक्क झालो. आयुष्य ज्या वाक्याच्या शोधात घालवले ते वाक्य रात्री अकरा वाजता, जळलेल्या प्लास्टिकच्या वासात, भिंतीपलीकडून ऐकू आले होते. मग उमगले की वर्कशॉपात याचा अर्थ वेगळा. वीज वाहणारा भाग जिथे लागायला नको तिथे, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला, लागला की फिटर म्हणतात, मोटारीला अर्थ लागला. इंग्रजीतून आलेला हा ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी. आमच्याकडे अर्थ लागला की काम संपते. त्यांच्याकडे अर्थ लागला की काम सुरू होते.

अण्णा उठून आले. भिंग मागितले. सांगाडा त्यांनी दिव्याखाली धरला, मान तिरकी करून, जिथे अजून दिसते त्या कोनात. “नळी अर्धा मिलिमीटर आखूड आहे,” ते म्हणाले. “टोकाशी उघडं राहिलंय, तिथं ब्रशला टेकलं. मीटर लावला होतास?” लावला नव्हता. “लावायचा. वीज सोडायच्या आधी मीटर. ब्रश आणि रूळ, ब्रश आणि अंग, दोन्ही ब्रश, आलटून पालटून. काटा हलता कामा नये.” आमच्याजवळचा मीटर आकड्यांचा होता, पण त्यांच्या दृष्टीने काटा हलला होता.

मग आम्ही धीर करून मूळ विषय काढला. त्यांचे इंजिन. आम्ही क्षेपकाचा सिद्धान्त मांडला. मूळ पाठाचे पावित्र्य, जपणुकीची जबाबदारी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“छान बोलतोस,” ते म्हणाले. “आणि एक्याऐंशी साली मी तार गुंडाळली, ती काय ट्रायँगवाल्यांना विचारून?”

आम्ही गप्प राहिलो.

“अरे, मुंबईची सगळी लाइन बदलली. पंचवीस साली सुरू झाली ती पंधराशे व्होल्ट डी.सी.वर. मी भरती झालो त्रेसष्टला तेव्हा तीच, रिटायर झालो दोन हजार दोनला तेव्हाही आमच्याकडे तीच. मग पंचवीस हजार ए.सी. केली. एका रात्रीत केली का? आधी दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आणल्या, मग तारेतली वीज बदलली.” त्यांचे तपशील बरोबर होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेल्या पहिल्या विजेच्या गाडीपासून चालत आलेला तो १५०० व्होल्टचा प्रवाह पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत आणि हार्बरवर एप्रिल २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपला. ज्या मोटारींचे ब्रश बदलण्यात अण्णांचे तळवे काळे झाले त्या प्रवाहातून बाद होत गेल्या. नव्या गाड्यांच्या मोटारींना ब्रशच नसतो. हे सांगताना त्यांच्या आवाजात हळहळ नव्हती. “गाडी चालली पाहिजे,” ते म्हणाले, “आणि मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे, आपण काय केलं ते.”

हे दुसरे वाक्य त्यांनी सहज उच्चारले, पण बोलून झाल्यावर बिस्किटांचा डबा मागवला. इंजिनाखाली घातलेल्या फडक्याच्या खाली एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. आमच्या दहाव्या वर्षीच्या हाताच्या रेघा, पाच-पाचांचे गठ्ठे, तीन ओळी. खाली अण्णांच्या अक्षरात तारखेसह तारेची जाडी, वेढे कोणत्या दिशेने, आणि ‘मूळ तार जळाली म्हणून’ एवढे कारण. सही. चव्वेचाळीस वर्षे ती चिठ्ठी डब्यात होती आणि तीन महिने आमच्या खणात. आम्ही इंजिनाकडे पाहत होतो; त्याच्याखाली पाहिले नव्हते.

चिकित्सक आवृत्तीत संपादक आपली भर चौकटी कंसात घालतो, तळटीपेत कारण देतो, जुना पाठ जपून ठेवतो. एवढे केले तर भर घालणे हा अपराध राहत नाही. न केले तर एक मात्रा बदलणेही अपराध होतो. हे आम्ही शिकवतो. पण अस्पर्शित मूळ पाठ म्हणून ज्याची पूजा बांधली होती ते इंजिन आधीच एका प्रामाणिक संपादकाच्या हातून गेलेले होते, आणि त्याची तळटीप त्याच्याच पोटाखाली होती. प्रश्न हात लावावा की न लावावा हा नव्हताच. लावलेला हात परत काढून घेता येईल असा लावता येतो का, आणि त्याची नोंद ठेवण्याइतके आपल्याला त्यातले कळते का, हा होता. स्वतः करणे उचित ठरते ते या दुसऱ्या अटीमुळे. ज्याला काय केले हे लिहिता येत नाही त्याने जाणत्याकडेच द्यावे. त्यात कमीपणा नाही. पाच आठवड्यांपूर्वी आम्ही तेच करायला हवे होते. आता, एक डिकोडर जाळल्यावर, आम्हांला लिहिता आले असते.

पुढच्या रविवारी काम केले. आधी कॉम्युटेटरच्या फटींत साठलेली कार्बनची काळी भुकटी टोकदार काडीने काढली, ब्रश नवे घातले, दोन्ही बेअरिंगांना तेलाचा एकेक थेंब दिला. मग अण्णांच्या सागवानी पेटीवर इंजिन चालवून मीटर लावला. चाके धरून पाहिली. तीच चाके, तीच बोटे. या वेळी क्षणभरच. सव्वा अँपिअरच्या आसपास. म्हणून सतत एक आणि क्षणिक दोन अँपिअर सोसणारा डिकोडर निवडला होता. स्प्रिंगच्या उघड्या बाहूवर चढवायला आम्ही विकतची नळी काढली, तर अण्णांनी एका बारीक तारेचे लाल आवरण सोलून दिले. “हे बसेल. आणि लाल आहे, म्हणजे मूळचं नाही हे दिसेल.” तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नव्हती ती नळी. तीन महिने ज्याला आम्ही पावित्र्यभंग म्हणत होतो तो एवढाच होता; चिमट्याने ओढली की निघते आणि इंजिन पुन्हा १९८१ सालचे होते.

मीटर लावला. ब्रश आणि रूळ, ब्रश आणि अंग, दोन्ही ब्रश, आलटून पालटून. कुठेही जोड नाही. मग आधी प्रोग्रॅमिंगच्या तुकड्यावर ठेवले, जिथे वीज इतकी थोडी सोडतात की चूक असली तरी डिकोडर जळू नये. डिकोडरने उत्तर दिले. नव्या डिकोडरचा पत्ता प्रघाताप्रमाणे तीन असतो. तो आपल्याला हवा तसा बदलता येतो, चार आकडीही करता येतो. आमच्या मनात कित्येक दिवसांपासून एक कल्पना होती. अण्णांचा वर्कशॉपातला टोकन नंबर चार आकडी. तोच पत्ता द्यावा. आम्ही तसे म्हणालो. अण्णा हसले.

“तो नंबर माझ्यामागून दुसऱ्या कोणाला दिला असेल रे. तीनच राहू दे.”

तीनच राहिला. आम्ही ‘तीन’ असे निवडून मूठ अगदी थोडी फिरवली. क्षणभर काहीच झाले नाही. मग जिंटी निघाली, जरा घरघरत, कारण नवी मोटार असती तर हा आवाज नसता. बाजूच्या रुळावर जर्मन इंजिन उभे होते. तो संदेश त्याच्यासाठी नव्हता म्हणून ते उभेच राहिले. अण्णांनी खुर्ची वळवून घेतली आणि वळणाच्या त्या भागाकडे तोंड केले जिथून इंजिन त्यांच्या नजरेच्या मधोमध येत होते. दोन फेऱ्या झाल्या. ‘चोख आहे’ असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले, “आता माझ्या पेटीवर लाव.”

तशी सोय पुष्कळ डिकोडरांत असते, साधी डी.सी. मिळाली तर ते तीही मानून घेतात. जुने रूळ मांडले, पेटी जोडली. अण्णांनी स्वतः मूठ फिरवली. पूर्वी पाव मुठीला निघणारे इंजिन आता जवळजवळ अर्ध्या मुठीला निघाले, कारण मोटारीआधी डिकोडरला जागे व्हावे लागते. “उशिरा निघतं,” अण्णा म्हणाले. “पण दोन्हींवर चालतं.”

रात्री आम्ही चिठ्ठी लिहिली. तारीख. स्प्रिंगच्या दुसऱ्या बाहूवर लाल नळी, काढता येईल. लाल आणि काळी रुळांकडे, नारिंगी आणि करडी ब्रशांकडे. चाके धरली असता सव्वा अँपिअर. पत्ता तीन. मूळ मोटार, म्हणजे अण्णांची, तशीच. कारणाच्या जागी बराच वेळ काय लिहावे ते सुचेना; क्षेपकावर दोन परिच्छेद सुचत होते. शेवटी ‘दोन्हींवर चालावे म्हणून’ असे लिहून सही केली, जुन्या चिठ्ठीवर ठेवली, फडके पसरले आणि डबा दिवाणखान्यात अण्णांच्या हाताला येईल असा ठेवला. टेबलाच्या खणात आता फक्त उत्तरपत्रिका आहेत.